मुलाखतीची नोटीस येईपर्यंत आईच्या फाइलचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे न्यू जर्सीत राहतात, अमेरिकन नागरिक आहेत. गेल्या वर्षी बायकोच्या बाळंतपणासाठी त्यांचे आई-वडील बी-२ या भेटीच्या व्हिसावर आले. पुढे दोघांनी इथंच राहावं असं ठरलं आणि आय-९४ची, म्हणजे प्रवेशाच्या नोंदीवर दिलेल्या मुक्कामाची, मुदत संपायच्या आत दोघांचे आय-१३० (मुलाने भरायचा नात्याचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरले गेले. मेडिकल झालं, बोटांचे ठसे झाले. वडिलांचं ग्रीन कार्ड मुलाखतीशिवाय घरी आलं. आईंच्या केसवर मात्र ‘मुलाखत ठरवण्यासाठी तयार’ एवढंच कित्येक महिने दिसतंय. सध्या त्या टेक्सासला मुलीकडे आहेत. डिसेंबरात साताऱ्याला चुलत बहिणीचं लग्न आहे. आईंना इंग्रजी येत नाही. आणि जाता जाता एक वाक्य: लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. काही चुकलंय का, केसला गती देता येईल का, लग्नाला जाता येईल का?

मी बरीच वर्षं इमिग्रेशनची वकिली करते. फाइल न पाहता कुणाच्या केसवर ठाम मत देता येत नाही आणि देऊही नये. पण हे प्रश्न माझ्याकडे आले असते तर मी त्यांची उतरंड उलटी लावली असती. ‘नोटीस कधी येणार’ हे तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. नोटीस येईल त्या दिवशी फाइल कशी असेल हे मात्र बरंचसं तुमच्या हातात आहे. आणि तुम्ही शेवटी टाकलेलं ते नावाचं वाक्य माझ्या दृष्टीने पहिलं आहे.

आधी वडिलांचं झालं आणि आईंचं का नाही, ते बघू. आय-४८५साठी मुलाखत हा नियम आहे आणि ती माफ करणं हा अपवाद. नागरिकाचे आई-वडील ज्या गटात येतात, त्या गटाला माफी देण्याची मुभा अधिकाऱ्यांना आहे, पण ती केस बघून दिली जाते. शिवाय नवरा-बायको असले तरी तुमच्या आई-वडिलांच्या केसेस कायद्याने एकमेकींना बांधलेल्या नाहीत. नागरिकाच्या जवळच्या नातेवाइकांच्या गटात ‘सोबत येणारा जोडीदार’ हा प्रकारच नसतो. म्हणून तर तुम्हाला दोन वेगळे आय-१३० भरावे लागले. एकाची फाइल सरळ सुटली म्हणून दुसरी सुटेलच असं नाही, आणि अडकली म्हणजे संशय आहे असंही नाही.

बहुतेक कौटुंबिक अर्जांची पूर्वतयारी मिसूरी राज्यातल्या लीज समिट या गावी, नॅशनल बेनिफिट्स सेंटरमध्ये होते. त्याच गावात जमिनीखालच्या चुनखडीच्या खाणीत इमिग्रेशनच्या लाखो कागदी फाइली ठेवलेल्या आहेत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही गंमत वाटली होती. कागद पुरे आहेत, ठसे झाले, पार्श्वभूमीची तपासणी झाली, की केस ‘तयार’ होते आणि तुमच्या झिपकोडच्या फील्ड ऑफिसला मोकळी तारीख मिळेपर्यंत थांबते. ही रेशनची रांग नव्हे. एका ऑफिसकडे अधिकारी जास्त असतात, दुसरीकडे नागरिकत्वाच्या मुलाखतींनी कॅलेंडर भरलेलं असतं. त्यामुळे तुमच्यानंतर अर्ज भरलेल्या ओळखीच्या कुणाला आधी बोलावलं, यातून तुमच्या केसबद्दल काहीही कळत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या तारखा वाचून झोप उडवून घेऊ नका.

आता नावाकडे येते, कारण खरं काम तिथंच आहे.

वडिलांसाठी तुम्हाला दोन गोष्टी दाखवायच्या होत्या: तुमच्या जन्मदाखल्यावर त्यांचं नाव आणि त्यांचा विवाहाचा दाखला. वडिलांचं नाव जन्मापासून एकच, त्यामुळे साखळी जुळली. आईंसाठी सगळा भार तुमच्या जन्मदाखल्यावरच्या ‘आईचे नाव’ या एका रकान्यावर आहे. तिथं लिहिलेली बाई आणि समोर बसलेली बाई एकच, हे पटलं पाहिजे. समजा माहेरचं नाव कुसुम पांडुरंग जाधव. लग्नात तांदळात नाव लिहिलं आणि त्या वैशाली दत्तात्रय शिंदे झाल्या. पहिलं, मधलं, शेवटचं, तिन्ही नावं बदलली. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. पण अमेरिकन अधिकाऱ्याला आडनाव बदललेली बाई रोज भेटते, स्वतःचं पहिलंच नाव बदललेली क्वचित. त्याच्यासमोर शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि तुमच्या दाखल्यावर नगरपालिकेच्या कारकुनाने आजीला विचारून लिहिलेलं तिसरंच काही, घरातलं हाक मारायचं नाव. असली फाइल मुलाखतीशिवाय कुणी सोडत नाही. माणसाला समोर बसवून विचारावंसं वाटतं, आणि मला त्यात गैर दिसत नाही.

त्यात जन्मतारीख. त्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेली माणसं घरोघरी आहेत. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा यायच्या आधी खेड्यात जन्म नोंदवायची सवयच नव्हती. तुमच्या घरात आई आणि वडील दोघंही १ जूनचे असतील तर अधिकारी भुवया उंचावेल, एवढंच. शाळेत अशीच तारीख टाकायची पद्धत होती, हे एका वाक्यात सांगावं. तारीख खरी असल्याचा आव आणायची गरज नाही.

मग आत्ता करायचं काय? पहिलं, आय-४८५ची तुमच्याकडची प्रत काढा आणि ‘वापरलेली इतर नावे’ या भागात माहेरचं पूर्ण नाव दिलंय का ते बघा. नसेल तर घाबरू नका. मुलाखतीच्या सुरुवातीलाच ‘इथे एक दुरुस्ती आहे’ असं सांगायचं. अधिकारी अर्जावर पेनाने दुरुस्त्या करतच असतो, शेवटी त्या दुरुस्त्यांसह पुन्हा सही घेतो. दुसरं, दोन्ही नावांना जोडणारा कागद शोधा. लग्नाची नोंदणी झाली असेल तर नोंदणीच्या अर्जाची प्रत मागवा. दाखल्यावर नसलेलं वधूचं लग्नाआधीचं नाव पुष्कळदा अर्जात सापडतं. लग्नाची निमंत्रणपत्रिका सापडली तर सोनं. ‘चि. सौ. कां. कुसुम’ आणि वराचं पूर्ण नाव एकाच कागदावर, तारखेसकट. पत्रिका हा सरकारी पुरावा नाही, पण पूरक म्हणून मी ती नेहमी लावते, आणि अधिकारी ती उत्सुकतेने उलटसुलट करून बघतात.

तिसरं, जन्मदाखला नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला, त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला, आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. प्रत्यक्ष माहिती म्हणजे मोठा मामा, मावशी, वयाने मोठे शेजारी. आईंपेक्षा लहान माणसाने ‘माझ्यासमोर जन्म झाला’ असं लिहून दिलेली प्रतिज्ञापत्रं मी पाहिली आहेत. ती फाइल बिघडवतात. मामा ऐंशीच्या पुढे असतील तर हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नका. प्रतिज्ञापत्रात माहेरचं नाव, सासरचं नाव आणि दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं स्पष्ट वाक्य हवं. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्याखाली ‘मला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. नोटरी लागत नाही. तुम्ही स्वतः भाषांतर करू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण आय-१३०चे अर्जदार तुम्हीच आहात, म्हणून एखाद्या मित्राकडून करून घ्या.

दोन गोष्टी करू नका. गावातला एजंट ‘आता नवीन जन्मदाखला काढून देतो’ म्हणेल. साठ वर्षांनी नोंदवलेल्या दाखल्याला इथं फारसं वजन नसतं, आणि तो आधी दिलेल्या कागदांशी जुळला नाही तर नसलेला प्रश्न उभा राहतो. आणि थांबण्याच्या काळात पासपोर्टचं नूतनीकरण आलं तर आहे त्याच नावाने करा. ‘आता हातासरशी नाव नीट करून घेऊ’ म्हणून केलेल्या दुरुस्तीतून चौथं नाव जन्माला येतं. जुना पासपोर्ट जपून ठेवा. त्यावर व्हिसा आहे.

यामागचं तत्त्व असं की अर्जदार दोन वेळा पात्र असावा लागतो: अर्ज भरला त्या दिवशी आणि निर्णय होतो त्या दिवशी. लोक पहिल्या दिवसाची भरपूर तयारी करतात, मग फाइल कपाटात जाते आणि दरम्यान घरात बरंच काही बदलतं. तुम्ही आय-८६४ भरून आईंच्या खर्चाची हमी दिली आहे. कुटुंबातली सगळी डोकी मोजून गरिबीरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं, आणि बाळाचंही डोकं त्यात आलं. अर्जाला वर्ष उलटलं असेल तर अधिकारी ताजं टॅक्स रिटर्न आणि पगाराच्या पावत्या मागू शकतो. मधल्या काळात तुमची नोकरी गेली असेल, आणि आयटीतल्या आपल्या लोकांना हे सांगायला नको, तर टेक्सासच्या बहिणीला किंवा आणखी कुणाला सहहमीदार म्हणून आधीच तयार ठेवा. ती नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवी, आणि तिचं उत्पन्नही पुरेसं हवं. मेडिकलचं मात्र टेन्शन नाही. १ नोव्हेंबर २०२३ला किंवा त्यानंतर डॉक्टरने सही केलेला आय-६९३ हा मेडिकलचा फॉर्म ज्या अर्जासोबत दिला तो चालू असेपर्यंत चालतो. ठशांसाठी पुन्हा बोलावलं तर जाऊन या. ठशांवरची तपासणी पंधरा महिन्यांनी जुनी धरली जाते. एवढंच त्याचं कारण.

पत्ता. हा विषय लोकांना किरकोळ वाटतो आणि त्यानेच केसेस बुडतात. सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे ही आपली रीत, पण पत्ता बदलला की दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरायचा असा कायदा आहे. खरोखर राहायला गेल्या असतील तर केस टेक्सासच्या ऑफिसकडे जाईल आणि तिथल्या कॅलेंडरप्रमाणे चालेल. नुसत्या भेटीला गेल्या असतील, सामान, औषधं, डॉक्टर, बँक सगळं न्यू जर्सीतच असेल, तर पत्ता बदलायचं कारण नाही. ठरवा आणि त्याप्रमाणे वागा. ‘तिकडे लवकर होतं म्हणे’ म्हणून कागदोपत्री पत्ता हलवू नका, मुलाखतीत पहिला प्रश्न पत्त्याचाच असतो. पोस्ट खातं इमिग्रेशनची पत्रं नव्या पत्त्यावर पुढे धाडत नाही, ती परत पाठवतं. मुलाखतीला हजर राहिलं नाही आणि तारीख बदलून मागितली नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरून तो नामंजूर होऊ शकतो. नोटीस आली तेव्हा आई टेक्सासात असल्या तर विमानाचं तिकीट काढून या. तारीख पुढे मागणं हा शेवटचा उपाय, कारण पुढची तारीख कधी मिळेल याची हमी नसते.

आता साताऱ्याचं लग्न. आईंच्या हातात मंजूर झालेला ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे बाहेर जाऊन परत यायची आगाऊ परवानगी, नसताना त्या अमेरिकेबाहेर गेल्या तर आय-४८५ तिथंच संपतो. अर्ज भरून ठेवलाय आणि मंजुरी येतेय, असंही चालत नाही. कागद हातात हवा. एच-१ आणि एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट आहे, त्यांचं ऐकून बी-२वाल्यांनी तिकीट काढलेलं मी पाहिलंय, म्हणून हे इतकं ठणकावून सांगते. १ एप्रिल २०२४ पासून प्रवासाच्या अर्जाची, म्हणजे आय-१३१ची फी वेगळी झाली. त्याआधी ती आय-४८५च्या फीमध्येच असायची. १,४४० डॉलर भरल्यावर आणखी ६३० कशाला, म्हणून अनेक मुलं आई-वडिलांसाठी तो भरत नाहीत. मी भरायला सांगते. त्या वयात भारतात मागे राहिलेले भाऊ, बहिणी, दीर सगळे सत्तरीच्या पुढचे असतात, आणि फोन रात्रीच येतो. तुम्ही भरला नसेल तर आज भरा. लग्नाच्या कारणाने तो लवकर काढून मिळावा अशी विनंती करता येते: ठरलेला प्रसंग आहे आणि नेहमीच्या गतीने कागद वेळेत मिळणार नाही, हे पत्रिकेसह दाखवायचं. नुसती सुट्टी हे कारण चालत नाही. जवळच्या नात्यातलं लग्न चालेलच असं मी म्हणणार नाही, तो अधिकाऱ्याचा निर्णय. गंभीर आजारपण किंवा मृत्यू असेल तर फील्ड ऑफिसकडून तातडीचा पॅरोल मागता येतो, आणि त्याला हॉस्पिटलचं पत्र किंवा मृत्यूचा दाखला लागतो.

पॅरोल मिळाला तरी एक हिशेब करा. त्या बाहेर असताना मुलाखतीची नोटीस आली तर धावाधाव होईल. परत येताना विमानतळावर त्यांना आत घेणं न घेणं हाही अधिकाऱ्याचा अधिकार असतो. बीपी, गुडघे आणि इंग्रजी नाही, अशा बाईंना एकट्या पाठवू नका. वडिलांना कार्ड मिळालंय, त्यांनी सोबत जावं.

आणि जाणं भागच असेल, पॅरोल नसेल, तर? तर काय मरतं आणि काय जिवंत राहतं ते नीट समजून घ्या. आय-४८५ मरतो, त्याची फी बुडते. तुमचा आय-१३० मरत नाही. तो मंजूर झाला की केस मुंबईच्या कॉन्सुलेटकडे वळवता येते आणि आई तिथं मुलाखत देऊन इमिग्रंट व्हिसावर परत येऊ शकतात. वेळ जास्त लागेल, आणि त्या काळात भेटीच्या व्हिसावर येणं जवळजवळ अशक्य, कारण इथं कायम राहायचा इरादा त्यांच्या कागदांवरच लिहिलेला असतो. पण घर, शेती, आजारी माणूस अशा कारणांनी तिकडे राहणं गरजेचं असेल तर हा रस्ता वाईट नाही. अजून काहीच भरलेलं नाही अशांना तर मी आधी मुंबईच सुचवते. थांबायचंच आहे तर आई-वडिलांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या डॉक्टरजवळ थांबावं.

इथं एक गोष्ट तुमच्या तारखांवर अवलंबून आहे. तुम्ही आय-९४ संपायच्या आत अर्ज भरलात, त्यामुळे अर्ज चालू असेपर्यंत त्यांचा बेकायदा मुक्काम मोजला जात नाही. मुदत संपून १८० दिवसांच्या वर गेल्यावर अर्ज भरलेल्यांनी देश सोडला तर तीन किंवा दहा वर्षांची बंदी आड येऊ शकते. २०१२ साली एका भारतीय दांपत्याच्या केसमध्ये, अराबली आणि येराबेली या नावाने ती ओळखली जाते, इमिग्रेशनच्या अपील मंडळाने म्हटलं की ॲडव्हान्स पॅरोलवर जाणं हे दहा वर्षांच्या बंदीसाठी देश सोडणं धरायचं नाही. त्या निकालाचा आधार लोक घेतात, पण ज्यांना तो लागतो त्यांनी वकिलाशी बोलल्याशिवाय विमानात बसू नये.

‘बेकायदा मुक्काम मोजला जात नाही’ म्हणजे स्टेटस आहे असं मात्र नाही. आय-९४ संपलंय, बी-२ संपलंय, आई केवळ अर्ज चालू आहे म्हणून थांबलेल्या आहेत. पूर्वी हा भेद मी फार ताणून सांगत नसे. आता सांगते, कारण २८ फेब्रुवारी २०२५च्या धोरणानुसार अर्ज नामंजूर झाला आणि माणसाकडे दुसरं स्टेटस नसलं, तर इमिग्रेशन कोर्टात हजर राहायची नोटीस निघते. नोव्हेंबर २०२५मध्ये सॅन दिएगोत मुलाखतीला आलेल्या काही जणांना तिथंच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या, त्यांतले अनेक जण नागरिकांचे जोडीदार होते आणि त्यांच्या व्हिसाची मुदत संपलेली होती. त्या वाचून घरोघर घबराट पसरली. तुमच्या आईंवर जुना हद्दपारीचा आदेश नाही, गुन्हा नाही, आत येताना रीतसर तपासणी होऊन आल्या, तर धोका कमी आहे असं मी म्हणेन. कमी, शून्य नव्हे. सोबत वकील न्या. मुलाखत टाळू नका. टाळण्यात धोका नक्की आहे.

नोकरीवरून अर्ज केलेलेही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी एवढंच: तुमचं गणित वेगळं. प्रत्येक देशाला सात टक्के व्हिसांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांसाठी व्हिसाच्या रांगेतली कटऑफ तारीख मागे सरकली की मुलाखत होऊनही मंजुरी थांबते. अर्जाला १८० दिवस झाल्यावर त्याच स्वरूपाच्या कामात नोकरी बदलता येते, सप्लिमेंट जे नावाचा फॉर्म भरून. वर्क परमिट डिसेंबर २०२५ पासून पाच वर्षांऐवजी फार तर अठरा महिन्यांचा मिळतो आणि नूतनीकरणाची आपोआप मुदतवाढही गेली, म्हणून सहा महिने आधी अर्ज करा. तुमच्या आईंच्या गटाला व्हिसा नंबरची वाट बघावी लागत नाही, हे त्यांचं मोठं नशीब.

चौकशी कुठवर करावी? इमिग्रेशनच्या साइटवर दिसणारा काळ हा त्या ऑफिसातल्या ८० टक्के केसेस जितक्या वेळात निघाल्या तो असतो, सरासरी नव्हे. तो उलटून गेल्याशिवाय चौकशीचं उत्तर ‘थांबा’ एवढंच येतं. उलटल्यावर ऑनलाइन चौकशी, मग तुमच्या काँग्रेस सदस्याचं कार्यालय. तिथले कर्मचारी खरोखर मदत करतात, मतदार तुम्ही आहात. फेडरल कोर्टात दावा हा पर्याय आहे, पण नावाची साखळी अर्धवट असताना मी तो लावत नाही. कोर्ट निर्णय द्या म्हणतं, मंजूर करा म्हणत नाही.

मुलाखत कशी होते? बोलावलं की उभं राहून खरं बोलायची शपथ, मग पासपोर्ट, आणि आय-४८५मधले प्रश्न एकेक करून. आईंना इंग्रजी येत नसेल तर दुभाषा तुम्ही न्यायचा. त्याचा जी-१२५६ फॉर्म असतो, अधिकाऱ्यासमोर सही होते. तुम्ही स्वतः अर्जदार आणि साक्षीदार, त्यामुळे तुम्हाला दुभाषा म्हणून बसू देतीलच असं नाही. नात्याबाहेरचं, दोन्ही भाषा नीट येणारं कुणी बघा. त्यांना एक सांगून ठेवा: आई जे बोलतील तेच सांगायचं. ‘काकूंना असं म्हणायचंय की’ अशी सुरुवात झाली की अधिकारी मुलाखत थांबवतो.

आईंना हे प्रश्न आधी मराठीत एकदा ऐकवा, पाठ करून घेण्यासाठी नव्हे, दचकू नयेत म्हणून. ‘तुम्ही कधी कम्युनिस्ट पक्षाच्या सभासद होतात का, वेश्याव्यवसाय केला का, छळात भाग घेतला का’ हे साठीच्या बाईंना तोंडावर विचारलं जातं, आणि काही जणी हसून मान डोलावतात. ती मान अर्जावर ‘हो’ म्हणून जाते. वडील गिरणीत असताना लाल बावट्याच्या युनियनमध्ये होते अशा घरांनी हा प्रश्न आधी वकिलाकडे न्यावा. युनियन आणि पक्ष एक नव्हे, पण उत्तर तयार हवं. कॉलेजातलं एनसीसी, होमगार्ड हेही अर्जात विचारतात, झालं असेल तर सांगायचं.

अवघड प्रश्न दुसरे दोन. ‘इथं राहायचं कधी ठरलं?’ बाळंतपणासाठी आल्या, परतीचं तिकीट होतं, नंतर ठरलं, हेच खरं असेल तर हेच सांगा आणि ते रद्द केलेलं तिकीट सोबत ठेवा. नव्वद दिवसांचा जो नियम लोक सांगतात तो परराष्ट्र खात्याचा आहे, इमिग्रेशन खात्यावर बंधनकारक नाही. दुसरा, ‘अमेरिकेत काम केलं का?’ नातवाला सांभाळणं म्हणजे नोकरी नव्हे. पण आसपासच्या आयटीवाल्यांना पैसे घेऊन पोळीभाजीचे डबे दिले असतील तर ते काम आहे. नागरिकाच्या आईला त्यामुळे ग्रीन कार्ड नाकारलं जात नाही, कायद्यात तशी सूट आहे. मात्र ‘नाही’ म्हटलं आणि नंतर उघड झालं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, तो आयुष्यभर मागे लागतो. डब्यांबद्दल खरं सांगा. आणि राज्याचं ओळखपत्र काढायला नेलंत तेव्हा मतदार नोंदणीच्या चौकटीत चुकून खूण तर झाली नाही ना, तेही तपासा.

जागेवर मंजुरी क्वचितच सांगतात. ‘पुढे तपासून कळवू’ हेच नेहमीचं उत्तर. आणखी कागद मागितले तर पत्रात दिलेल्या मुदतीत, सगळे एकदम पाठवा, तुकड्यांत नाही. कार्ड आलं की पाकीट फोडून लगेच नाव, जन्मतारीख आणि श्रेणी बघा. अर्जात बरोबर असूनही चूक त्यांनी केली असेल तर आय-९० हा कार्ड बदलून मागायचा अर्ज भरून ते फीशिवाय दुरुस्त होतं. एवढ्या नावांच्या फेऱ्यांतून गेलेल्या केसमध्ये कार्डावर स्पेलिंग बिघडलेलं मी पुष्कळदा पाहिलंय, आणि ते लोकांच्या लक्षात येतं थेट नूतनीकरणाच्या वेळी, दहा वर्षांनी.